यंत्राच्या पोटातला प्रोग्राम आणि लेकीची मुलाखत

गटांच्या बैठकांना गेलो की हल्ली एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. कुणाची लेक ईएनटीसीची इंजिनियर झालेली असते, कुणाची शेवटच्या वर्षाला असते. ती घरी सांगते की मला ‘एम्बेडेड’मध्ये जायचंय, मोठ्या कंपनीकडे अर्ज केलाय आणि चार-पाच मुलाखती होणार आहेत. आईला प्रश्न पडतो, एका नोकरीला पाच मुलाखती कशाला? आणि हे एम्बेडेड म्हणजे आहे तरी काय? म्हणून आज त्याबद्दल बोलू.

सकाळी आपण डेअरीवर दूध घालायला जातो. थोडंसं दूध मशीनला लावलं की मिनिटभरात फॅटचा आणि एसएनएफचा आकडा दिसतो. त्या मशीनला कॉम्प्युटरसारखा मोठा पडदा नसतो, बटणंही दोन-चारच. पण त्याच्या पोटात नखाएवढी चिप असते, आणि चिपमध्ये कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम असतो. यंत्राच्या आत बसवलेला प्रोग्राम, म्हणजे एम्बेडेड सॉफ्टवेअर. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन, आशाताईंकडचं बीपीचं मशीन, मोबाईलवरून शेतातली मोटार चालू करणारा स्टार्टर, सगळ्यांत हेच. एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या दुचाक्या आल्या, त्यांत इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं याचा हिशोबसुद्धा चिप करते.

मोबाईलमधलं ॲप अडकलं तर आपण बंद करून परत चालू करतो. गाडीच्या ब्रेकमधला प्रोग्राम अडकला तर? शेतातल्या स्टार्टरजवळ तर चार-चार महिने कुणी फिरकत नाही, तो एकट्याने चालला पाहिजे. शिवाय त्या चिपमध्ये जागा अगदी थोडी, वीज जपून वापरायची, आणि उत्तर ठरलेल्या क्षणाच्या आत द्यायचं. एवढ्या अडचणीत नीट काम करेल असं लिहिणारं माणूस कंपनीला हवं असतं. पाच मुलाखतींचं कारण इथेच आहे.

हे काम आपल्याकडे नवं नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी चिप कंपनीने बेंगळुरूला आपलं केंद्र १९८५ मध्येच उघडलं होतं. आज बेंगळुरू, हैदराबाद, नोएडा, चेन्नई इथे चिपच्या आणि मोबाईलच्या मोठ्या कंपन्यांची कामं चालतात. आपल्या पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम मोठं आहे.

मुलाखतीचा क्रम कंपनीगणिक थोडा बदलतो. पण साधारण असं असतं. आधी अर्ज आणि बायोडाटा. तो पसंत पडला तर कॉम्प्युटरवर परीक्षा. मग पाऊण तास ते तासाभराच्या दोन-तीन तांत्रिक मुलाखती, दर वेळी वेगळा माणूस. मग ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या मॅनेजरशी बोलणं, आणि शेवटी एचआर. प्रत्येकाने काय पाहिलं ते लिहून ठेवायचं आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं, अशी पद्धत असते. एकाशी सूर जुळला नाही म्हणून सगळं संपलं असं होऊ नये, आणि एकाच्या मर्जीवर कुणी आत येऊ नये, असा त्यामागचा विचार. मुलगी बघायला येतात तसं हे नव्हे बरं का. इथे मुलगीही कंपनी बघत असते.

आता विचारतात काय? हे आयांना कशाला सांगायचं, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण आहे. या मुलाखतीत नुसतं उत्तर चालत नाही. डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोलत-बोलत उत्तराकडे जावं लागतं. गप्प बसून दहा मिनिटांनी बरोबर उत्तर देणारीपेक्षा, बोलत-बोलत चुकणारी आणि स्वतःच चूक पकडणारी मुलगी पुष्कळदा जास्त आवडते. ही सवय लावायला समोर ऐकणारं माणूस लागतं, ते माणूस तुम्ही होऊ शकता. भाकरी थापता-थापता लेकीला म्हणा, आज काय वाचलंस ते मला समजेल असं सांग. जे तुम्हाला समजावता येत नाही ते तिला पुरतं समजलेलं नाही, असं खुशाल धरा.

पहिला ठरलेला विषय म्हणजे सी ही भाषा. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती बनवली. पन्नास वर्षं उलटली तरी यंत्राच्या पोटातलं बरंचसं काम अजून तीच करते. तिच्यात ‘बिट’चे प्रश्न येतात. भिंतीवर ८ बटणांचा बोर्ड आहे असं समजा. प्रत्येक बटण एक तर चालू, नाहीतर बंद. मुलाखत घेणारा म्हणतो, तिसरंच बटण चालू कर, बाकीच्या सातांना धक्का लागता कामा नये. सोपं वाटतं, पण एकाच ओळीत हे बिनचूक लिहिता येतं का, ते बघतात. कारण खऱ्या यंत्रात शेजारचं बटण कदाचित मोटारीचं असेल.

याच ८ बटणांचे एकूण २५६ वेगवेगळे प्रकार होतात, म्हणून त्यांत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. डेअरीवरचे कॅन मोजायला एखादीने एवढीच जागा ठेवली तर २५५ कॅनपर्यंत सगळं ठीक, २५६ वा आला की मोजणी परत शून्यावर. यंत्र ओरडत नाही, तक्रार करत नाही, गुपचूप चुकीचं सांगत राहतं. म्हणून मुलाखतीत प्रश्न मिळाल्याबरोबर चांगली मुलगी आधी विचारते, जास्तीत जास्त आकडा किती होईल? असा उलटा प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. घाईने लिहायला बसणारीपेक्षा हिला गुण जास्त.

दुसरा नेहमीचा प्रश्न ‘व्होलाटाइल’ या शब्दाचा. मुलाला सांगितलं, टाकीवर लक्ष ठेव, भरली की सांग. तो एकदा वर जाऊन आला, टाकी अर्धी होती. नंतर दर वेळी विचारलं की जागेवरूनच म्हणतो, अर्धी आहे. सी भाषेतलं लिहिणं चिपच्या भाषेत उतरवणारा जो प्रोग्राम असतो तोही असाच श्रम वाचवतो. एकदा वाचलेला आकडा लक्षात ठेवून तोच वापरत बसतो. पण टाकी बाहेरून भरतेय, आकडा त्याच्या नकळत बदलतोय. ‘व्होलाटाइल’ लिहिलं की अर्थ होतो, बाबा, दर वेळी वर जाऊन बघ. हा एक शब्द राहिला तर यंत्र कधी चालतं, कधी चालत नाही, आणि असली चूक शोधता-शोधता आठवडे जातात.

तिसरा विषय ‘इंटरप्ट’. दूध तापत ठेवलं की एक तर दर मिनिटाला जाऊन बघायचं, नाहीतर शिट्टीचा दुधाचा कुकर वापरायचा. शिट्टी झाली की हातातलं काम थांबवायचं, गॅस बंद करायचा, परत कामाला लागायचं. चिपलाही अशा शिट्ट्या असतात. मुलाखतीत विचारतात, शिट्टी झाल्यावर तिथे किती वेळ थांबावं? उत्तर, कमीत कमी. गॅस बंद करून परत या. तिथेच साय काढायला, विरजण लावायला बसलात तर तव्यावरची भाकरी करपणार. साय काढायचीय एवढं लक्षात ठेवायचं आणि ते काम सवडीने करायचं.

एक गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण ती खरी घडलेली आहे आणि मुलाखतीत तिच्यावर बोलणं होऊ शकतं. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्यातला कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. तिथे मेकॅनिक पाठवणार कसा? झालं काय होतं, ते आपल्या गटावरून समजून घेऊ.

गटाचं एकच रजिस्टर आहे. नियम असा की एका वेळी एकीनेच ते घ्यायचं, तिचं झाल्याशिवाय दुसरीने हात लावायचा नाही. नियम चांगलाच आहे, दोघींनी एकदम लिहिलं तर हिशोब बिघडेल. आता एक नवी सदस्य रजिस्टर घेऊन हजेरी लिहायला बसली. तेवढ्यात अध्यक्षांना बँकेचा फोन आला, त्यांना रजिस्टर तातडीने हवं. त्या थांबल्या, दोन मिनिटांचा तर प्रश्न. पण त्या नव्या सदस्येला दुसऱ्याच कुणी हाक मारली, चहा आण, सतरंजी उचल. तिचं पद खालचं, त्यामुळे ती प्रत्येक हाकेला उठते, रजिस्टर काखेत तसंच. चहा-सतरंजीची कामं बँकेच्या फोनपेक्षा काही मोठी नव्हती, तरी सगळ्यात मोठं काम अडून बसलं. पाथफाइंडरमध्ये हेच झालं. हवामानाची नोंद करणारं कमी महत्त्वाचं काम सामायिक वस्तू धरून बसलं, मधल्या महत्त्वाच्या कामांनी त्याला मागे ढकललं, आणि सर्वात महत्त्वाचं काम ताटकळलं. यानात एक राखणदार असतो, ‘वॉचडॉग’ म्हणतात त्याला. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही हे दिसलं की तो सगळं बंद करून नव्याने सुरू करतो. तो आपलं काम चोख करत होता.

पृथ्वीवरच्या इंजिनियरांनी जमिनीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड मुद्दाम घडवून पाहिला, कारण शोधलं आणि मंगळावर दुरुस्ती पाठवली. ती अशी की ज्याच्या हातात रजिस्टर आहे त्याला, ते हातात असेपर्यंत, वाट बघणाऱ्या मोठ्या कामाचा मान द्यायचा. मग त्याला मधून कुणी उठवू शकत नाही. लेकीला विचारून बघा, याला ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ म्हणतात, ती ओळखेल. आणि तिच्या शब्दांत सांगू लागली तर तयारी कितपत आहे ते तुम्हालाच कळेल.

आमच्या मते मुलीचा कस लागतो तो मात्र बिघाड शोधण्याच्या प्रश्नात. मुलाखत घेणारा म्हणतो, मशीन टेबलावर उत्तम चालतं, पण शेतात बसवलं की दिवसातून दोनदा बंद पडून चालू होतं. काय करशील? पाठ केलेलं उत्तर इथे उपयोगाचं नाही. जनावराने दूध कमी केलं की आपण लगेच डॉक्टर बोलावत नाही. चारा बदलला का, पाणी प्यायली का, माजावर आहे का, एकीनेच कमी केलं की सगळ्यांनी, असं विचारत जातो. इथेही तेच. एकच मशीन बंद पडतं की सगळी? ठरावीक वेळी पडतं का? शेजारची मोटार चालू होताना वीज दबते, तेव्हा पडतं का? बंद पडण्याआधी मशीनने काही नोंद ठेवली का? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. गोठ्यात वाढलेल्या मुलीला ही रीत घरातच मिळालेली असते, फक्त तिथे ती वापरायची हे कुणी तिला सांगितलेलं नसतं.

बायोडाटात जे लिहिलंय त्यावर खोदून-खोदून विचारतात. वर्गातल्या चौघींनी मिळून केलेला, विकत आणलेला प्रोजेक्ट स्वतःच्या नावावर टाकला तर पाचव्या प्रश्नाला उघडं पडतं. त्यापेक्षा काही शे रुपयांचा एक छोटा बोर्ड आणून टाकी भरली की वाजणारी घंटा स्वतः बनवलेली बरी. ती का बिघडली आणि कशी नीट केली, हे सांगता आलं की अर्धी मुलाखत त्यावरच जाते. शिकायला एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे व्हिडिओ फुकट आहेत. आणि एखादं उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, पण मी असं शोधीन’ म्हणावं. कानात यंत्र घालून दुसऱ्याने सांगितलेलं बोलायचे प्रकार चालतात, समोरच्याला ते लगेच कळतं आणि त्या कंपनीचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

इंग्रजीची धास्ती सगळ्यांनाच असते. बोलणं इंग्रजीतच होतं, ते टळत नाही. पण फडाफडा बोलायची गरज नाही, छोटी, सरळ वाक्यं पुरतात. मॅनेजर विचारतात, सोबत्यांशी कधी मतभेद झाला का, तेव्हा काय केलंस? तिथे खरा प्रसंग सांगावा. काय घडलं, तिच्यावर काय जबाबदारी होती, तिने स्वतः काय केलं, पुढे काय झालं, या क्रमाने. ‘आम्ही केलं, आम्ही केलं’ असं मुली नम्रपणाने म्हणतात आणि समोरच्याला कळतच नाही की हिने नेमकं काय केलं. तिथे ‘मी’ म्हणायला शिकवा.

बऱ्याचशा मुलाखती आता व्हिडिओवर होतात. कंपनीची माणसं परदेशात असतील तर संध्याकाळी, रात्रीही होतात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री नऊला पोरगी खोलीचं दार लावून कुणाशी बोलतेय, म्हणून वादळ होतं. त्या तासाला टीव्ही बंद, पाहुणे नकोत, पाणी आलं तरी तिला हाक मारायची नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला, आणि वीज गेली तर नेटसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला मोबाईल शेजारी. गावात रेंज नसेल तर तालुक्याला एखाद्या नात्यातल्या घरी आदल्या दिवशी पाठवा.

आता पैशाचं. हे नीट ऐका, कारण गटाच्या कर्जाच्या अर्जात आम्ही ‘मुलीच्या नोकरीसाठी’ असं कारण लिहिलेलं पाहिलंय. मोठी कंपनी नोकरीसाठी उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही. नोंदणीचे, लॅपटॉपच्या अनामतीचे, कागद तपासणीचे, ‘जागा पक्की करायचे’, कसलेच नाही. कुणी मागितले तर तो कंपनीचा माणूस नाही. साध्या जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर, नुसती व्हॉट्सॲपवर झालेली मुलाखत, ‘आज संध्याकाळपर्यंत भरा’ अशी घाई, ही ओळखीची लक्षणं. जागा खरी आहे का हे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघता येतं. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका, त्याच तासाला १९३० ला फोन करा. लवकर कळवलं तर पैसे पुढे जायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते.

क्लासची गोष्ट वेगळी, तिथे आपण शिकवण्याचे पैसे देतो. पण ‘१०० टक्के नोकरीची हमी’ म्हणत असतील तर ती हमी कागदावर मागा, आणि गेल्या वर्षीच्या चार मुलींशी स्वतः बोला. भिंतीवरच्या फोटोंवर जाऊ नका.

पहिल्याच फटक्यात सगळ्यांना नोकरी लागत नाही. नकार येतो, बहुतेक वेळा कारणही सांगत नाहीत. बऱ्याच कंपन्यांत काही महिन्यांनी परत अर्ज करता येतो. तयारीला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात. याच दिवसांत शेजारीपाजारी बोलू लागतात, शिकून घरी बसलीय, स्थळं बघा. बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारलं, किती दिवस थांबायचं? आम्हाला वाटतं, लेकीबरोबर बसून एक मुदत ठरवा, सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा. आणि त्या मुदतीत पाहुणे येणार नाहीत हा शब्द पाळा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी साडी नेसून चहा द्यायला बसवलेली मुलगी दुसऱ्या दिवशी पाथफाइंडरवर काय बोलणार?

ऑफर आली की वर्षाचा मोठा आकडा दिसतो, त्याला सीटीसी म्हणतात. तेवढे पैसे हातात पडत नाहीत. त्यात कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, वर्षाअखेरचा बोनस असं सगळं धरलेलं असतं. काही मोठ्या कंपन्या शेअर देतात, पण तेही पुष्कळदा चार वर्षांत थोडे-थोडे. म्हणून एचआरला सरळ विचारायचं, कर कापून महिन्याला हातात किती? सुरुवातीला जॉइनिंग बोनस दिला असेल तर ठरल्याआधी नोकरी सोडल्यावर तो परत करावा लागतो का? बाँड आहे का, किती वर्षांचा? हे विचारल्याने ऑफर जात नाही. शहरातलं भाडं, डिपॉझिट, पहिला पगार होईपर्यंतचा खर्च हे धरून मगच कुणाला किती पाठवायचं ते बोला. आणि शाळा-कॉलेजची मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ कागद तिथे ठेवून यायचे नाहीत.